पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्या

४ नोव्हेंबर, सोमवार

किटली जळाली. म्हणजे मीच जाळली. शिट्टीची किटली बायकोने मुद्दाम आणली होती, कारण मी आधण ठेवून विसरतो. आज विसरलो नव्हतो. शेगडीपासून सहा हातांवर कामाला बसलो होतो आणि शिट्टीचीच वाट बघत होतो. ती वाजली असणार. पाणी संपेपर्यंत वाजली असणार. मला कळलं ते जळका वास आल्यावर.

घरात कोणी नव्हतं हे नशीब. बायको पोस्टाच्या खिडकीवर, मुलगी खारू चष्म्याच्या दुकानात कामाला, सासूबाई शेजारी गप्पा मारायला. काळी पडलेली किटली कागदात गुंडाळून दोन गल्ल्या पलीकडच्या कचरापेटीत टाकली आणि हुबेहूब तशीच नवी आणून ठेवली. मग खून करून आल्यासारखे हात धुतले.

ही वही खारूने दोन वर्षांपूर्वी वाढदिवसाला दिली होती. "बाबा, तुम्ही कुणाशी बोलत नाही, निदान हिच्याशी तरी बोला." तेव्हा हसून बाजूला ठेवली. आता जुन्या तारांच्या खणात, अगदी तळाशी ठेवणार आहे.

तर बोलतो. मला ऐकू येत नाही. सगळंच नाही असं नाही. ट्रक, दार आपटलेलं, पुरुषांचे आवाज, हे येतं. बारीक गेलं. शिट्टी गेली, दारावरची घंटा गेली, पाखरं गेली, आणि वाद्याची सगळ्यात पातळ तार गेली. दोन वर्षं तरी झाली असतील. मी वाद्यं दुरुस्त करतो. आंधळ्याने सुईत दोरा ओवून द्यायचं दुकान काढावं, तसं माझं चाललं आहे. सूर दाखवणारं दिव्याचं यंत्र आहे, ते खोटं बोलत नाही. शिवाय वाद्याचं डोकं दातात धरून तार छेडली की लाकडाची थरथर सरळ कवटीत जाते. गिऱ्हाइकांना वाटतं ही माझी जुन्या कारागिराची लकब आहे. वाटू दे. खरं कळलं तर दुसऱ्या दिवसापासून दुकानाची पायरी कोणी चढणार नाही, आणि एकोणसाठाव्या वर्षी मला दुसरं काहीही येत नाही.

आणि नेमकं आजच ते व्हायोलिन आलं. पन्नाशीची बाई आहे, जुनी लोकगीतं गाते. नावाड्यांची, मेंढपाळांची, धुणं धुणाऱ्या बायकांची. एक ओळ गाते आणि मग हनुवटी टेकवून तीच ओळ वाजवते. वाद्य तिच्या वडिलांचं. फळीवरून पडलं, वरच्या पाटीला चार बोटं चीर गेली. सोळा तारखेला तिचा कार्यक्रम आहे. म्हणाली, "सगळे म्हणतात तुमच्या हाताला सोडून कुठे देऊ नका."

मी घेतलं. नाही म्हणायला कारण काय देणार होतो?


७ नोव्हेंबर, गुरुवार

चीर सांधली. सरस तापवून, पातळ करून, बोटाने आत जिरवला आणि दाबून धरायला वरून क्लॅम्प लावले. हात अजून माझे आहेत. तेवढा वेळ भीती वाटली नाही.

घरात मात्र काहीतरी शिजतं आहे. बायको आणि खारू स्वयंपाकघरात बोलत असतात आणि मी आलो की गप्प होतात. शिवाय बायकोचं वागणं बदललंय. पूर्वी ती आतून ओरडायची, "अहो, ऐकलंत का?" आणि मी "हूं" म्हणायचो, मग भांडण. आता हातातलं काम टाकून माझ्यासमोर येऊन उभी राहते, माझ्याकडे बघते आणि सावकाश बोलते. सत्तावीस वर्षांनी एवढं प्रेम? पोस्टाच्या काचेमागे बसून बसून तिला तशी सवय लागली असेल म्हणावं, तर ती गेली वीस वर्षं बसतेच आहे.

घंटाही बदलली. आता कोणी बटण दाबलं की दुकानात लाल दिवा लागतो. का, तर खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, त्याची झोप मोडते. बाळाचे आईबाप मला जिन्यात भेटले, त्यांना याचं काही कौतुक दिसलं नाही.


८ नोव्हेंबर, शुक्रवार

सासूबाई आपलं जुनं कानाचं मशीन डबीसकट माझ्या कामाच्या टेबलावर विसरल्या. या महिन्यातली तिसरी वेळ. त्यांना नवं मिळाल्यापासून जुनं असं फिरत असतं. मी नेऊन दिलं.

"आई, हे परत राहिलं."

"राहू दे की तिथंच," त्या म्हणाल्या. "चावत नाही ते."

म्हातारपण वाईट. त्यांच्यासमोर मी चेहरा हसरा ठेवला.


१० नोव्हेंबर, रविवार

आज दुकानाचं दार आतून लावून लिहितोय.

सुटे पैसे हवे होते म्हणून बायकोची पर्स उघडली. आत एका दवाखान्याचं कार्ड होतं. मोठ्या चौकातली ती सहा मजली इमारत, जिथे तऱ्हेतऱ्हेचे डॉक्टर बसतात. वार बुधवार, तारीख २०, वेळ साडेचार. मागे तिच्या अक्षरात एकच ओळ: "शनिवारनंतर सांगायचं."

कार्ड होतं तसं ठेवलं, पर्सची चेन लावली.

म्हणजे तिला काहीतरी झालंय. म्हणून ती कुजबूज, म्हणून ते जवळ येऊन बोलणं, म्हणून परवा जेवताना खारू माझ्याकडे बघता बघता एकदम उठून आत गेली. सगळ्यांना माहीत आहे. मलाच सांगायचं नाही. शनिवारी काय आहे? शनिवारी तर आमच्या घरी काहीच नाही.

विचारायचं म्हणून दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. ती भाजी चिरत होती. पाठीमागून बघितली तर नेहमीसारखीच. परत आलो.


११ नोव्हेंबर, सोमवार

शनिवारचं कळलं. आणि दुसरंही संकट आलं.

गाणारी बाई वाद्य बघायला आली. मी नेहमीसारखा टेबलाला तळहात टेकवून उभा राहिलो, म्हणजे लाकडातून थोडं तरी कळतं. तिने वाजवलं. जाड तारा ऐकू आल्या, भरदार. मग ती पातळ तारेवर गेली. गज जात येत होता आणि मला फक्त गज दिसत होता. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. चेहरा हेच माझं यंत्र. एका जागी तिच्या कपाळावर बारीक आठी आली. ती थांबली, तोच सूर पुन्हा काढला, पुन्हा आठी.

"येतंय ना तुम्हाला ऐकू?" तिने विचारलं. "भुणभुण?"

मी आपलं दुकानदारी उत्तर ठोकून दिलं. "सरस ताजा आहे. दोन दिवसांत बसेल."

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ठेवते मग. शुक्रवारी नेते. आणि शनिवारी संध्याकाळी सात वाजता तुम्ही सगळ्यांनी यायचं. जुन्या छापखान्याच्या वर. पस्तीसच खुर्च्या आहेत, माइकबिइक काही नाही. तुमच्या मुलीने परवाच येऊन पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्या राखून ठेवल्यात."

खारूने! मला न विचारता!

जेवताना मी म्हटलं, "मला कामं आहेत, तुम्ही तिघी जा."

बायकोने हातातला चमचा खाली ठेवला. "अहो, आपण चौघं शेवटचे कधी बाहेर गेलो होतो?"

ती "शेवटचे" म्हणाली आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला. मी येतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तिला पुढच्या बुधवारी दवाखान्यात जायचंय. जाण्यापूर्वी तिला एक संध्याकाळ चांगली हवी आहे, एवढंच.


१२ नोव्हेंबर, मंगळवार

भुणभुण सापडत नाही.

सापडणार कशी? वाद्याची कड कुठे सुटली असेल तर बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करत जायचं असतं. चिकटलेल्या जागी आवाज भरीव येतो, सुटलेल्या जागी फुटका. हे पहिल्या दिवशी शिकवतात. खारू नऊ वर्षांची असताना माझ्या टेबलाखाली बसून रंध्याचे कुरळे तुकडे गोळा करायची, म्हणून तिचं नाव खारू. तेव्हा तिलाही शिकवलं होतं. ती माझ्याआधी जागा ओळखायची आणि खालूनच ओरडायची, "इथं!"

आज मी दोन तास टकटक केली. मला सगळीकडे सारखंच ऐकू येतं, नुसतं टक टक. पातळ सुरी कडेने फिरवून बघितली, कुठे शिरत नाही. वाद्य दातात धरलं, गज फिरवला. थरथर आहे, पण चांगली कुठली आणि वाईट कुठली हे दातांना थोडंच कळतं?

शनिवारी पस्तीस माणसांसमोर, माइक नसलेल्या खोलीत, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत ते भुणभुणेल. सगळे विचारतील, कोणी दुरुस्त केलं? आणि तो कारागीर पहिल्या रांगेत हसऱ्या चेहऱ्याने बसलेला असेल, कारण त्याला एकट्यालाच ऐकू येणार नाही.

खारू दुपारी जेवायला घरी आली होती. दारात उभी राहून माझी टकटक बघत होती. किती वेळ, कोण जाणे. मी वर बघितल्यावर म्हणाली, "काही मदत करू, बाबा?"

"तू चष्मे वीक," मी म्हणालो. एवढं तुसडं बोलायला नको होतं.


१३ नोव्हेंबर, बुधवार

आता डोकंही चाललं की काय?

जेवून तासभर झोपलो. उठून दुकानात आलो तर सरसाची वाटी कोमट. मी सकाळपासून सरस तापवलेला नाही. दोन लहान क्लॅम्प खिळ्याला टांगलेले होते, ते टेबलावर. व्हायोलिन होतं तिथेच, पण फडक्यावर उलट्या बाजूने ठेवलेलं.

मी तापवला असेन का सरस? अर्धवट झोपेत? शपथेवर सांगतो, काही आठवत नाही. कान गेले, त्याची सवय केली. हे गेलं तर मी उरतो कुठे? खुर्चीत बसून घरातल्या सगळ्या खोल्यांमधल्या वस्तू डोळे मिटून आठवत बसलो. सगळ्या आठवल्या. पण तशा वेड्यांनाही आठवत असतील.

सासूबाईंना विचारलं, "दुपारी दुकानात कोणी आलं होतं का?"

"मी झोपले होते," त्या फटकन म्हणाल्या. त्या दुपारी कधीच झोपत नाहीत.


१४ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा टकटक केली. काही नाही. वाद्य परत करून "मला जमत नाही" म्हणावं असं तीनदा ठरवलं.


१५ नोव्हेंबर, शुक्रवार

बाई आली आणि घेऊन गेली. इथेच वाजवून बघितलं. मी तिच्या कपाळाकडे असा बघत होतो की तिला वाटलं असेल तिथे काही चिकटलंय. आठी आली नाही. तोच सूर तीनदा काढला. हसली.

"गेली की भुणभुण! तुम्ही म्हणालात तसंच झालं."

मी मान डोलावली. ती गेल्यावर मात्र दुकानाचं दार लावून घेतलं. कारण मी काहीच केलेलं नाही. आपोआप गेलेली भुणभुण आपोआप परत येते. खोली गरम झाली, माणसांच्या श्वासाने हवा दमट झाली की लाकूड फुगतं. उद्या सात वाजता पस्तीस माणसं श्वास घेणार आहेत.


१६ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी चार

इस्त्रीचा शर्ट घालून बसलो आहे. निघायला अजून दोन तास आहेत.

काय करायचं ते ठरवलंय. आपण कधीही पहिल्यांदा टाळ्या वाजवायच्या नाहीत. शेजारचे हात हलले की मगच आपले. कोणी हसलं की मगच हसायचं. बाई गाताना तिच्या ओठांकडे बघायचं, वाजवताना कपाळाकडे. मध्ये कोणी काही विचारलं तर "वा!" म्हणायचं. गाण्याच्या कार्यक्रमात कुठल्याही प्रश्नाला हे उत्तर चालतं.

बायकोने निळी साडी नेसली आहे. मला विचारलं, "बरी दिसतेय ना?" मी म्हटलं, "झकास." ती खूष झाली. मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून बूट पुसायला बाहेर आलो. बुधवारला चार दिवस.

सासूबाईंचं मशीन आज पुन्हा टेबलावर होतं. या वेळी नव्या बॅटरीसकट. मी नेऊन दिलं.


१७ नोव्हेंबर, रविवार

कालचं सगळं जसं झालं तसं लिहितो. घाई करत नाही.

लाकडी जिना, वर लांबट खोली. छापखान्याची जुनी, अक्षरांचे खिळे ठेवायची कपाटं भिंतीला लावलेली, मध्ये खुर्च्या, पुढे वीतभर उंच लाकडी ओटा आणि एक दिवा. आम्ही पहिल्या रांगेत. इतके जवळ, की माझ्या बुटांची टोकं ओट्याला टेकत होती. खारूनेच कोण कुठे ते ठरवलं. ती माझ्या उजवीकडे, बायको डावीकडे, तिच्या पलीकडे सासूबाई. "बाबा, पाय टेकवून बसा ओट्याला," खारू म्हणाली, "आरामात." मला वाटलं, गंमत करतेय. पण टेकवले, आणि गाणं सुरू झाल्यावर बाईने ठेका धरला तो तळव्यांतून वर आला.

पहिली दोन गाणी निभावली. बाईचा आवाज खर्जातला, तो येत होता. शब्द येत नव्हते. वाजवायला लागली की जाड तारांपर्यंत सगळं ठीक, मग गज वर सरकायचा आणि आवाज जिना उतरून गेल्यासारखा नाहीसा व्हायचा. तिचा हात चालू आहे, खोलीतली माणसं डोळे मिटून डुलताहेत, आणि माझ्याकडे नुसती शांतता. असा घाम फुटला की शर्ट पाठीला चिकटला. आता भुणभुणतंय का? या क्षणी? मागच्या रांगेतला टकला गृहस्थ शेजारणीच्या कानात काहीतरी बोलला. तो वाद्याबद्दलच बोलला अशी माझी खात्री झाली. मी बाईच्या कपाळावरून नजर हलवली नाही. टाळ्या शेजारचे हात हलल्यावरच वाजवल्या. दर वेळी खारूचे हात माझ्या अगदी डोळ्यांसमोर आल्यासारखे हलायचे, त्यामुळे सोपं गेलं.

तिसरं गाणं नावाड्याचं. सुरू करण्याआधी ती त्याबद्दल काहीतरी सांगत होती, पण दिवा तिच्या मागे आल्याने ओठ दिसले नाहीत. ती गायली आणि मग वाजवायला लागली. खालच्या तारेवर सुरुवात करून हळूहळू वर, आणि वर. मला ऐकू येईनासं झालं. तेव्हा मी पाय जोरात ओट्यावर दाबले. आणि काय सांगू, आलं. ऐकू नाही आलं, पण बुटाच्या तळव्यातून, घोट्यातून, एक बारीक थरथर अखंड येत राहिली. कुठे तुटत नव्हती, कुठे दुसरं काही तिच्यात मिसळत नव्हतं. अशी स्वच्छ थरथर दातांनाही कधी कळली नव्हती. वाद्य शाबूत होतं. मी सांधलेली चीर शाबूत होती. बाईच्या कपाळावर आठी नव्हती. मग गज तारेवरून उचलला गेला, तिचा हात खाली आला, तिने मान झुकवली. संपलं! पार पडलं!

मला इतका आनंद झाला की मी ठरवलेलं सगळं विसरलो. टाळ्या वाजवल्या. जोरात, दोन्ही हात वर करून.

एकट्याने.

कारण गाणं संपलं नव्हतं. बाईने मान वर केली. मला तिचे डोळे दिसले, आणि तिचे ओठ पुढच्या ओळीसाठी नुकतेच उघडलेले. माझे तळवे एकमेकांवर आपटत होते आणि ते थांबवायचे कसे हेच कळेना. डोक्यात एकच गोष्ट आली, की कळलं. पस्तीस माणसांना कळलं. बायकोला कळलं, तेही तिच्या शेवटच्या चांगल्या संध्याकाळी.

आणि तेवढ्यात माझ्या उजवीकडे टाळ्या सुरू झाल्या. डावीकडेही. बायको टाळ्या वाजवत होती, खारू वाजवत होती, आणि सासूबाई तर उभ्याच राहिल्या आणि "वा! वा!" म्हणून ओरडल्या असाव्यात, तोंड तरी तेवढं उघडं होतं. मागचे लोक गोंधळले, मग दोघा-चौघांनी साथ दिली. बाई आमच्याकडे बघून हसली, काहीतरी बोलली, सगळी खोली हसली, आणि तिने शेवटची ओळ म्हटली. पुढे कार्यक्रम झाला. मला त्यातलं काही आठवत नाही.

कारण मी एकच विचार करत होतो. माझ्या पहिल्या टाळीनंतर दुसरी टाळी पडायला किती वेळ लागला? एक श्वाससुद्धा नाही. अनोळखी गाण्यात मध्येच कोणी चुकून टाळी वाजवली तर शेजारचा आधी दचकतो, मग वळून बघतो. या तिघी दचकल्या नाहीत, वळल्या नाहीत. वळायची गरजच नव्हती. खारूची खुर्ची माझ्याकडे तिरकी होती. बायको अर्धी वळून बसली होती. त्या आधीपासून माझ्याकडेच बघत होत्या. तिघींनी संध्याकाळभर गाणं बघितलंच नाही. हात तयार ठेवून त्या मलाच बघत बसल्या होत्या.

जिना उतरताना मी बायकोचा दंड धरला. रस्त्यावरच्या दिव्याखाली थांबवली, म्हणजे तिचं तोंड दिसेल.

"बुधवारी दवाखान्यात कोण जाणार आहे?" मी विचारलं.

तिने खारूकडे बघितलं. खारूने पायाकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, आणि हे मात्र मला अगदी स्पष्ट ऐकू आलं, "तुम्ही, जावईबुवा. दुसरं कोण? दोन वर्षं झाली, या दोघींनी माझं तोंड बांधून ठेवलंय."

"दोन वर्षं?"

"पहिल्यांदा मला कळलं," खारू म्हणाली. माझ्यासमोर येऊन, सावकाश. "मी तुम्हाला टेबलाखालून हाक मारायचे तशी हाक मारली होती, गमतीत. तुम्ही वळला नाहीत. म्हणून ती वही आणली. वाटलं, निदान तिला सांगाल."

बायको रडत होती. "तुम्ही किती घाबरला होतात," ती म्हणाली. "आम्हाला कळलंय हे तुम्हाला कळलं तर आणखी घाबराल, म्हणून..." पुढचं वाक्य पदरात गेलं, मला दिसलं नाही.

मी तिला म्हणालो, "मला वाटलं तू मरणार आहेस." तिला काही कळेना. कार्डाबद्दल सांगितल्यावर ती रडता रडता हसायला लागली आणि मग माझ्या छातीवर दोन गुद्दे मारले, भर रस्त्यात.

मी मात्र हसू शकलो नाही. सुटका झाली, खोटं कशाला बोलू? पण दोन वर्षं मी घरात चोरासारखा वावरलो आणि घर मला बघत होतं. लाज वाटली. आणि भीती गेलेली नाही, तिने फक्त जागा बदलली. घरच्यांनी सांभाळून घेतलं. गिऱ्हाइकं का सांभाळून घेतील?


१८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी खारूला विचारलं, "नावाड्याच्या गाण्यात बाई मध्येच का थांबली? आणि नंतर काय म्हणाली?"

ती सांगायला लागली. नावाडी रात्री नदीच्या काठावरून पलीकडच्या माणसाला हाक मारतो. मग थांबतो. गाणारे तिथे नेहमी थांबतात, सगळे मिळून कान देतात, पण पलीकडून काही येत नाही. मग शेवटची ओळ. "बाई म्हणाली, तीस वर्षं हे गाणं गातेय, आज पहिल्यांदा पलीकडून उत्तर आलं."

मी ते वाक्य मनात दोनदा म्हणून बघितलं.

"आणि ती भुणभुण कुठे होती?" मी विचारलं.

खारूचे कान लाल झाले. लहानपणापासून चोरी पकडली की तसे होतात. "हनुवटी टेकायच्या वाटीखाली. वाटी काढल्याशिवाय तिथे सुरी जात नाही. घामाने तिथलाच सरस आधी सुटतो, हे तुम्हीच शिकवलं होतं, बाबा."

मीच शिकवलं होतं. तीस वर्षं दर वाद्याची वाटी आधी काढून बघत आलो आणि या वेळी घाबरून तेवढंच विसरलो. कानांनी नव्हे, भीतीने काम बिघडवलं होतं. "हे पहिलंच का?" मी विचारलं.

तिने मान हलवली. पहिलं नव्हतं. किती, ते मी विचारलं नाही.

बुधवारी साडेचारला जायचंय. मशीनने किती ऐकू येईल, पातळ तार परत येईल की नाही, कोणास ठाऊक. सासूबाईंची डबी पुन्हा टेबलावर आहे. मी परत नेऊन दिली नाही. उघडलीही नाही.

दुपारी लाल दिवा लागला. गाणारी बाई आली होती, आणि तिच्याबरोबर तिचा एक मित्र, कवेत एक जुनं, धुळीने माखलेलं चेलो, म्हणजे व्हायोलिनचं कमरेएवढं थोरलं भावंड, घेऊन. कडा सुटल्या आहेत, कुठे ते कळत नाही, म्हणाला. बाई माझ्याकडे बघत राहिली, गेल्या सोमवारी भुणभुणीचं विचारून बघितलं होतं तसंच. तिलाही माहीत आहे, हे आत्ता माझ्या डोक्यात शिरलं. माझ्या तोंडात नेहमीचं उत्तर तयार होतं.

"मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत," मी म्हणालो. "माझ्या मुलीला येतात. ती जेवायला घरी आलीय. थांबत असाल तर हाक मारतो."

त्या मित्राने बाईकडे बघितलं. बाईने खुर्ची ओढली आणि बसली.

खारू आली. मी चेलो आडवं धरून कडेवर तळहात ठेवला. ती गुडघ्यांवर बसली, कान लाकडाजवळ नेला आणि पेराने टकटक करत निघाली. वरून खाली, वळणावरून, पुन्हा सरळ. मग माझ्या तळहाताखाली काहीतरी सैल हललं, अगदी केसभर. मी बोट ठेवलं, त्याच क्षणी तिनेही तिथेच ठेवलं.

"इथं," ती म्हणाली. मला ऐकू आलं नाही, पण तिच्या तोंडाकडे बघायची गरज पडली नाही.